अण्णांची टोळी आणि कॅलिफोर्नियाचा पाहुणा मजूर

डिसेंबरात द्राक्षबागेत मण्यांच्या विरळणीचे काम ऐन भरात असते आणि त्या दिवसांत बागाईतदाराचा स्वभाव मजुरांच्या हजेरीवर ठरतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी येणारे अण्णा निफाड तालुक्यातले जुने बागाईतदार आहेत आणि त्या दिवशी ते आले तेच मुळी धुमसत. भाताची कापणी उरकून सुरगाण्याहून आलेली त्यांची टोळी, चार एकरांपैकी जेमतेम दीड एकराची विरळणी झालेली असताना, दोन गावे पलीकडच्या एका बागाईतदाराने एकरी हजार रुपये जास्त देऊ केले म्हणून पहाटेच निघून गेली होती. मणी काही टोळीची वाट पाहत फुगायचे थांबत नाहीत.

चहा येण्याआधीच अण्णांनी निकाल देऊन टाकला. अमेरिकेत असले प्रकार चालत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. तिथे शेतकरी परदेशातून मजूर मागवतो, सरकार त्या मजुराला हंगामापुरता परवाना देते, ज्याच्या नावावर तो आला त्याच्याच शेतात तो राबतो आणि हंगाम संपला की आपल्या गावी परत जातो. चोरून सीमा ओलांडायला नको आणि मधेच पळून जायलाही नको. हीच पद्धत त्यांनी मोठ्या प्रमाणावर राबवली, तर स्थलांतराच्या कायद्यावरून तिथे चाळीस वर्षे चाललेली भांडणे एका दिवसात मिटतील, असा त्यांचा दावा होता.

वकीलसाहेबांचे सारे आयुष्य कामगार न्यायालयात गेले असल्यामुळे ते इतक्या सहजासहजी सोडणार नव्हते. त्यांनी आधी अण्णांचे म्हणणे व्यवस्थित मांडून घेतले, ही त्यांची जुनी सवय आहे. ज्या परवान्याबद्दल अण्णा बोलत होते त्याला एच-२ए म्हणतात. त्याच्यावर वार्षिक संख्येची मर्यादा नाही. हॉटेले, बागकाम, मासळी प्रक्रिया अशा बिगरशेती हंगामी कामांचा एच-२बी हा परवाना मात्र कायद्याने वर्षाला 66,000 इतकाच ठेवलेला आहे. एच-२ए घेणाऱ्या शेतकऱ्याला आधी सिद्ध करावे लागते की स्थानिक मजूर मिळत नाही. मग मजुराला राहायची जागा फुकट द्यावी लागते, जाण्यायेण्याचा खर्च सोसावा लागतो, सरकारने ठरवलेल्या खास किमान दराने मजुरी द्यावी लागते आणि करारातल्या एकूण तासांपैकी किमान तीन चतुर्थांश तासांच्या कामाची हमी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात हा दर 2024 साली ताशी 19.75 डॉलर होता. वकीलसाहेबांनी थोडे थांबून विचारले, “अण्णा, यातले फुकट घर आणि तीन चतुर्थांश हमी तुम्ही टोळीला द्याल का?” अण्णांनी चहाचा कप उचलला आणि पुढचा मुद्दा काढायला सांगितले.

पुढचा मुद्दा आकड्यांचा होता. 2005 च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांच्या आतबाहेर असलेल्या एच-२एच्या मंजूर जागा 2023 साली पावणेचार लाखांच्या वर गेल्या. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि नॉर्थ कॅरोलिना ही राज्ये त्यात आघाडीवर आहेत आणि येणाऱ्या मजुरांतले दहांपैकी नऊहून अधिक मेक्सिकोचे आहेत. तेव्हा अण्णा म्हणतात ती पद्धत तिथे केव्हाच मोठ्या प्रमाणावर राबवली जात आहे आणि तरीही भांडण मिटलेले नाही. पिकांच्या शेतात राबणाऱ्या तिथल्या मजुरांपैकी सुमारे चाळीस टक्के आजही विनापरवाना आहेत.

“मग त्याचे कारण सीमा सैल आहे हेच,” असे मास्तर म्हणाले. मास्तरांचा या विषयातला राग घरगुती आहे आणि ते तो लपवत नाहीत. त्यांचा मुलगा सॅन होजेला संगणक क्षेत्रात नोकरी करतो, एच-१बी परवान्यावर गेला आहे, कर भरतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. नोकरीच्या आधारावर द्यायची ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे 1,40,000 आणि त्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, अशी 1990 च्या कायद्याची व्यवस्था असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. मास्तरांचे म्हणणे असे की ज्यांनी कागद भरले ते ताटकळत उभे राहतात आणि ज्यांनी सीमेवरची नदी चोरून ओलांडली त्यांना माफी मिळते, हा न्याय नव्हे. त्यांनी दाखला दिला तो 1986 चा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने झालेल्या त्या कायद्यात सौदा सरळ होता: आधीपासून राहणाऱ्यांना एकदाच अधिकृत करायचे आणि यापुढे विनापरवाना माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा. सुमारे 27 लाख लोक अधिकृत झाले, त्यांतले 11 लाखांच्या आसपास शेतमजूर म्हणून. सौद्याचा पहिला अर्धा भाग पुरा झाला आणि दुसरा कागदावरच राहिला, कारण मालकाने फक्त कागदपत्रे पाहायची होती, ती खरी आहेत की नाहीत हे शोधायचे बंधन त्याच्यावर नव्हते. त्यामुळे बनावट कागदांचा धंदा तेवढा वाढला. ज्यांचा एकदा विश्वासघात झाला ते मतदार आता आधी कुंपण मागतात, यात चूक काय, असे मास्तरांनी विचारले. मला वाटते, त्या संध्याकाळचा हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न होता आणि त्याला पुरते उत्तर कोणी दिले नाही.

उत्तराच्या जवळपास गेल्या त्या बाई. बाईंनी महाविद्यालयात तीस वर्षे इतिहास शिकवला आहे आणि कोणत्याही वादात त्या निदान दोन पिढ्या मागे जाऊन उभ्या राहतात. त्यांनी सांगितले की पाहुण्या मजुराची ही कल्पना अमेरिकेने एकदा पूर्ण ताकदीने करून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात माणसे आघाडीवर आणि कारखान्यांत गेली, शेते ओस पडू लागली, तेव्हा ऑगस्ट 1942 मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. त्याखाली येणाऱ्यांना ब्रासेरो म्हणत. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. नावातच सारे आले, असे बाई म्हणाल्या, कारण बोलावणे बाहूंना होते. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. ती 1964 च्या अखेरीपर्यंत चालली आणि त्या 22 वर्षांत सुमारे 46 लाख करार झाले. करारात मजुरीची, निवाऱ्याची, जेवणाची सगळी कलमे होती. प्रत्यक्षात सीमेवर माणसांना उघडे करून त्यांच्यावर कीटकनाशक भुकटी फवारली जात असे आणि शेतात आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कमरेत वाकून खुरपणी करावी लागे. ती कुदळ कॅलिफोर्नियात 1975 साली बंद झाली, तोवर कितीतरी पाठी कायमच्या गेल्या होत्या.

बाईंना सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट मात्र दहा टक्क्यांची होती. सुरुवातीच्या वर्षांत ब्रासेरोंच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम कापून बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांत पाठवली जात असे. हेतू असा की पैसा हवा असेल तर माणूस परत जाईलच. माणसे परत गेली. पुष्कळांना तो पैसा कधीच दिसला नाही. साठ वर्षांनी, म्हाताऱ्या झालेल्या ब्रासेरोंनी आणि त्यांच्या मुलांनी दावे लावले, मोर्चे काढले, तेव्हा मेक्सिकोच्या सरकारने काही हजार पेसोंची भरपाई देऊ केली. वकीलसाहेबांनी मान हलवली. त्यांच्याकडेही असे दावे आले होते, ज्यांत अर्जदाराचा निकाल त्याच्या वारसाने ऐकला.

येथे अण्णांनी हरकत घेतली आणि ती रास्त होती. ब्रासेरो योजना वाईट चालवली गेली म्हणून बंद केली, ठीक. पण बंद केल्याने स्थानिक मजुरांचे भले झाले का? बाईंनी कबूल केले की झाले असे दाखवता येत नाही. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राज्याराज्यांची मजुरी तपासली, तेव्हा ज्या राज्यांत ब्रासेरो पुष्कळ होते तिथे ते गेल्यावर मजुरी इतर राज्यांपेक्षा काही वाढलेली नव्हती. शेतकऱ्यांनी जास्त मजुरी देण्याऐवजी यंत्रे आणली किंवा पीक बदलले. कॅलिफोर्नियाचा टोमॅटो हे त्याचे ठळक उदाहरण. डेव्हिसच्या विद्यापीठात जाड सालीचा, एकदम पिकणारा टोमॅटो आणि तो तोडणारे यंत्र अशी जोडीच तयार होती. 1964 पर्यंत तिला फारसे कोणी विचारत नव्हते आणि साठचे दशक संपेपर्यंत सॉससाठी जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला.

“खायच्या द्राक्षाला यंत्र लावून दाखवा,” असे अण्णा म्हणाले आणि क्षणभर अमेरिका बाजूला राहिली. वाइनची द्राक्षे यंत्र हलवून पाडते, ती फुटली तरी पिळायचीच असतात. खायच्या द्राक्षाचा घड हातात धरून, कात्रीने, मण्यांवरची लव न पुसता कापावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या आणि आपल्या निफाडच्या बागाईतदाराची अडचण इथे सारखीच आहे. बाईंनी डेलानोचे नाव तेवढे उचलले. ब्रासेरो गेल्यानंतर वर्ष पुरे होण्याआधीच, सप्टेंबर 1965 मध्ये, याच डेलानोत द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला. आधी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर बाहेर पडले, आठवड्याभराने सेझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली आणि देशभर द्राक्षांवर बहिष्कार घातला गेल्यावर 1970 साली बागाईतदारांनी करार केले. ब्रासेरो असताना असा संप टिकणे अवघड होते, कारण संप झाला की नवा ट्रक भरून येई. चावेझ यांचा पाहुण्या मजुरांना कडवा विरोध होता, इतकेच नव्हे तर संप फोडायला येणाऱ्या विनापरवाना मजुरांनाही त्यांच्या संघटनेने सत्तरच्या दशकात सीमेवर अडवले. हे ऐकून मास्तर खूश झाले. मजुरांचा सर्वांत मोठा पुढारी सीमेवर पहारा ठेवत होता, हा दाखला त्यांनी बहुधा मुलाला त्याच रात्री फोनवर सांगितला असेल.

पण बाईंचे पुढचे म्हणणे त्यांच्या सोयीचे नव्हते. ब्रासेरो योजना बंद झाली आणि 1965 च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. शेतांना माणसे तितकीच हवी होती, माणसांना वाटही तीच ठाऊक होती, फक्त कालपर्यंत जे कागदाने येत ते उद्यापासून बिनकागदाने येऊ लागले. तरीही कितीतरी वर्षे ते हंगामाला येत आणि हंगाम संपला की जात. मग 1993 मध्ये एल पासो आणि 1994 मध्ये सॅन दिएगो येथे सीमा कडक झाली, कुंपणे वाढली, वाट शहरांतून सरकून ॲरिझोनाच्या वाळवंटात गेली, तिथे माणसे तहानेने मरू लागली आणि दलालाचा दर चढला. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी अनेक वर्षे मेक्सिकोच्या गावांतून माहिती गोळा करून दाखवले की या कडकपणाने येणारे फारसे थांबले नाहीत, जाणारे थांबले. एकदा जीव धोक्यात घालून, कर्ज काढून आत आलेला माणूस दिवाळीला, म्हणजे त्यांच्या नाताळला, घरी कशाला जाईल? तो तिथेच राहिला आणि बायकामुलांना बोलावून घेऊ लागला. 1990 साली सुमारे 35 लाख असलेली विनापरवाना रहिवाशांची संख्या 2007 पर्यंत 1 कोटी 22 लाखांवर गेली.

मास्तरांनी हे निमूट ऐकले नाही. हा हिशेब 2007 पर्यंतचा आहे, त्यानंतरची सीमा वेगळी आहे, असे त्यांनी सुनावले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. 2022 आणि 2023 या आर्थिक वर्षांत दक्षिण सीमेवर गस्तीपथकाने दरवर्षी वीस लाखांहून जास्त वेळा माणसे पकडली. त्यांतले पुष्कळ जण द्राक्षे तोडायला आलेले नव्हते. ते व्हेनेझुएला, हैती, क्यूबा अशा देशांतून आश्रय मागत आले होते आणि त्यांच्यासाठी एच-२ए असून उपयोग नव्हता. 2025 च्या आर्थिक वर्षात हा आकडा 2 लाख 38 हजारांच्या आसपास उतरला, जो 1970 नंतरचा सर्वांत कमी आहे. म्हणजे सरकारने ठरवले तर सीमा बंद होते, हे सिद्ध झाले, असे मास्तरांचे अनुमान. बाईंनी एवढेच विचारले की सीमा बंद झाली आणि जुलै 2025 मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा परगण्यातल्या शेतांवर छापेही पडले, तर तिथली तोडणी कोणी केली? त्यांनी जॉर्जिया राज्याचा 2011 चा प्रसंग आठवून दिला. त्या राज्याने कडक कायदा केला, मजूर घाबरून निघून गेले, फळे आणि भाजी शेतात कुजू लागली, तेव्हा राज्यपालांनी शिक्षेच्या काळात देखरेखीखाली मोकळे सोडलेल्या लोकांना काकड्या तोडायला पाठवण्याची कल्पना काढली. त्यांतले बरेच जण दुपारच्या आतच शेत सोडून गेले. अण्णा मोठ्याने हसले. दुपारच्या आत शेत सोडणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

त्याच जॉर्जियाची दुसरी गोष्ट वकीलसाहेबांनी सांगितली आणि ती ऐकताना कोणी हसले नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी 24 जणांवर आरोपपत्र उघड केले. आरोप असे होते की मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून एच-२ए परवान्यावर, म्हणजे पूर्णपणे कायदेशीर वाटेने, मजूर आणले गेले, त्यांच्याकडून बेकायदा शुल्क उकळले गेले, पासपोर्ट काढून घेतले गेले आणि बंदुकीच्या धाकाखाली त्यांना उघड्या हातांनी, बादलीमागे वीस सेंटवर, कांदा उपटायला लावले गेले. दलालाने मजुराकडून पैसे घेऊ नयेत असा नियम आहेच, परंतु पैसे मेक्सिकोतल्या गावात, घर किंवा जमीन गहाण ठेवून घेतले जातात आणि मजूर सीमेवर पोहोचतो तेव्हाच तो कर्जदार झालेला असतो. “आपल्याकडे याला उचल म्हणतात,” असे वकीलसाहेब म्हणाले. बीडहून कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नाही. फ्लोरिडाच्या उसातही जमैकाहून आणलेले तोडणी मजूर चाळीसच्या दशकापासून पन्नास वर्षे अशाच हंगामी परवान्याच्या वाटेने येत होते. मजुरी नियमाप्रमाणे दिसावी म्हणून त्यांचे तास कमी लिहिले जातात, अशा तक्रारीवरून 1989 साली दावा उभा राहिला आणि पुढच्या काही वर्षांत कारखानदारांनी माणसे सोडून तोडणीची यंत्रेच आणली.

अण्णा थोडे नरमले होते, तरी त्यांनी मुद्दा सोडला नाही. काही ठिकाणी दलाल चोर निघाले म्हणून परवानाच वाईट कसा? पुष्कळ मजूर त्याच शेतकऱ्याकडे दरवर्षी परत येतात, त्या पैशात गावी घर बांधतात, मुले शिकवतात. वकीलसाहेबांनी ते नाकारले नाही. त्यांनी दाखवलेली गाठ वेगळी होती. मजुराचा देशात राहण्याचा हक्क आणि एका मालकाची मर्जी या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या गेल्या, की घर गळते, तास कमी लिहिले जातात, मुकादम हात टाकतो, यांतली कोणतीही तक्रार करण्यापूर्वी मजुराला परतीचे तिकीट आठवते. जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नियमाने काम सुटल्यावर 60 दिवसांची मुदत दिली आहे आणि दुसऱ्या मालकाने अर्ज भरताच तिकडे कामाला लागण्याची मुभा दिली आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. पण इंग्रजी न येणाऱ्या, गाडी नसलेल्या, मालकाच्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाने दोन महिन्यांत दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, हे त्यांना पटत नव्हते. मास्तरांच्या मुलाला नोकरी बदलताना त्याच्या नव्या कंपनीने वकील दिला होता. हे मास्तरांनीच आम्हाला पूर्वी कौतुकाने सांगितले होते आणि आता ते काही बोलले नाहीत.

माझे स्वतःचे मत वकीलसाहेबांच्या बाजूला झुकते, तरी अण्णांना मी चूक म्हणणार नाही, कारण शेतकऱ्याला हमी लागते आणि पीक कायद्याच्या सुधारणेची वाट पाहत नाही. सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. 2013 साली सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, 68 विरुद्ध 32 मतांनी एक मोठे विधेयक संमत केले होते. त्यात सीमेवर चाळीस हजारांच्या घरात पहारेकरी, सातशे मैलांचे कुंपण, शेतमजुरांसाठी मालक बदलता येईल असा नवा परवाना आणि जुन्या विनापरवाना रहिवाशांसाठी नागरिकत्वाकडे नेणारी तेरा वर्षांची वाट, असे चारही होते. संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, प्रतिनिधिगृहाने, ते मतालाच घेतले नाही. पुढे 2019 आणि 2021 साली प्रतिनिधिगृहाने केवळ शेतमजुरांपुरते विधेयक दोनदा संमत केले, तेव्हा सिनेटने ते अडवून ठेवले. फेब्रुवारी 2024 मध्ये दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून केलेला सीमाविषयक मसुदा चार दिवसही टिकला नाही. विधेयके पडत असताना एच-२ए मात्र दरवर्षी वाढत गेला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये श्रम खात्याने त्याचा किमान दर काढण्याची पद्धत बदलून तो खाली आणला. मास्तरांना हे ठाऊक नव्हते. सरकार सीमा कडक करते आणि त्याच हाताने बाहेरचा मजूर स्वस्त करते, हे त्यांना विचित्र वाटले. अण्णांना अजिबात वाटले नाही.

बाईंनी निघता निघता फेब्रुवारी 2025 मध्ये अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानाचा विषय काढला. परत पाठवलेल्या त्या 104 भारतीयांत हरियाणा आणि गुजरातचे प्रत्येकी 33, पंजाबचे 30 आणि महाराष्ट्राचेही तिघे होते. मास्तरांनी तेव्हा कट्ट्यावर त्या तिघांना दोष दिला होता. या वेळी त्यांनी फक्त विचारले की त्या तिघांनी दलालाला किती दिले असतील. कोणालाच सांगता आले नाही.

एवढ्यात अण्णांचा फोन वाजला. टोळीतल्या एका म्हाताऱ्याचा होता. तिकडची बाग पाच दिवसांत उरकते, मग यायचे का, असे तो विचारत होता. पण एकरी दर तिकडचाच पडेल आणि या खेपेला पत्र्याच्या शेडमध्ये लाइट लागेल, मागच्या वर्षी बाळाला विंचू चावता चावता राहिला होता. अण्णा कट्ट्यावरून उठून रस्त्याच्या कडेला गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी वकीलसाहेबांकडे न बघता मास्तरांना विचारले की कॉलेज रोडला रात्री नऊनंतर वायरमन कुठे भेटेल.